येझदीच्या सोनेरी ॲल्युमिनियम रिमा: उतरलेलं ॲनोडायझिंग परत कसं आणायचं?

येझदी_७९
मंडळी, नमस्कार. मी बेळगावात अनगोळला राहतो. आप्पांची १९७९ ची येझदी मोटरसायकल गेली दोन वर्षं सवडीनं उघडून बसवतोय. इंजिन झालं, वायरिंग झालं, आता चाकांवर अडलोय.

ऐंशीच्या दशकात आप्पा मातीच्या शर्यतींत उतरायचे. कंपनीच्या क्रोम केलेल्या लोखंडी रिमा काढून त्यांनी मुंबईहून आणलेल्या जपानी डी.आय.डी.च्या सोनेरी ॲल्युमिनियम रिमा बसवल्या, दोन्ही १८ इंची, ३६ भोकांच्या. आमच्या गल्लीत त्या गाडीला कुणी येझदी म्हणत नव्हतं, 'सोन्याच्या चाकाची' म्हणत. आप्पा गेले, गाडी खानापूरला मामांच्या कौलारू खोपीत पंधरा वर्षं उभी राहिली. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. शिवाय पुढचं चाक चुन्याच्या पोत्याला टेकलेलं होतं, हे गाडी बाहेर काढली तेव्हा कळलं.

आजची अवस्था अशी. पुढच्या रिमचा मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक आहे, पण फिका, वाळल्या गवतासारखा. चुन्याकडच्या बाजूला वीतभर पट्टा पांढरट आणि खरखरीत झालाय. स्पोक आवळायच्या निपलांभोवती टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आहेत. मागची रिम मी तीन वर्षांपूर्वी एका दुकानात 'सोनेरी ॲनोडायझिंग' (विजेच्या साह्यानं ॲल्युमिनियमवर आणतात तो थर) करून आणली. आणली तेव्हा झळाळत होती. एका पावसाळ्यात कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघायला लागले, आतून राखाडी धातू दिसतो. पैसे गेले त्याचं इतकं नाही, पण आप्पांच्या हातची वस्तू मी दुसऱ्याच्या हाती देऊन बिघडवली, हे मनातून जात नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, गाड्यांची मिरवणूक निघते. तोवर दोन्ही चाकं एकसारखी सोनेरी करायची आहेत. कुणी असं काम केलंय का? घरी जमेल का?

निपाणी_बुलेट
सरळ पावडर कोटिंग (भुकटीचा रंग भाजून चढवतात ते) करून टाका. सोनेरी शेड मिळते, कोपऱ्या-कोपऱ्यात बसते, दगड लागला तरी सहज निघत नाही. मी बुलेटच्या चेनगार्डला केलंय, अजून टकाटक आहे.

चाकवाला_मामा
चेनगार्ड वेगळं, रिम वेगळी. पावडरचा थर साठ-ऐंशी मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बसतो. निपल ज्या खोलगट जागेत बसतं तिथं तो थर चेपतो, फुटतो, मग स्पोक सैल पडतात. चाळीस वर्षं चाकं बांधतोय, पावडर केलेली रिम परत परत आवळायला येते. रंगच लावायचा तर निपलाच्या जागा झाकून लावा.

फौंड्रीवाला
येझदीभाऊ, कुणी काय करा म्हणतंय ते ऐकण्याआधी मल्टिमीटर घ्या. बीप वाजणाऱ्या सेटिंगवर ठेवा आणि दोन्ही टोकं रिमवर हलक्या हातानं टेकवा. ॲनोडायझिंगचा थर वीज जाऊ देत नाही, म्हणून तो शाबूत असेल तिथं मीटर गप्प राहील. थर गेला असेल तिथं वाजेल. टोकं दाबू नका, थर पातळ असतो, खरवडला की खोटं उत्तर मिळतं.

आणि मागच्या रिमवर एका कोपऱ्यात थिनरचा बोळा फिरवा. ॲनोडायझिंगला थिनर काही करत नाही. लॅकर, म्हणजे वार्निशसारखा वरून मारलेला रंग असेल, तर बोळ्यावर येईल.

येझदी_७९
आत्ताच केलं, आणि हात थरथरला.

पुढची रिम: फिका भाग सगळीकडे गप्प. चुन्याचा पट्टा आणि खड्डे वाजतात.

मागची: पापुद्रा आहे तिथं गप्प, निघालाय तिथं सगळीकडे वाजते. थिनरचा बोळा हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखा पिवळा झाला. म्हणजे ॲनोडायझिंग झालंच नव्हतं. मूळचा थर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात काढला आणि वर पिवळी लॅकर मारून दिली.

कॅम्पातली_जावा
वाईट वाटलं वाचून. पण पुढची रिम तुमच्या हातात आहे, तिला सध्या कुणाचा हात लावू देऊ नका.

रसायनमास्तर
निवृत्त शिक्षक आहे, चिकोडीला असतो. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रंग, क्रोम, पावडर ही सगळी धातूवर बाहेरून चढवलेली पांघरुणं आहेत. ॲनोडायझिंग तसं नाही. ॲल्युमिनियमचा तुकडा गंधकाच्या आम्लात धन टोकाला जोडला की त्याचाच पृष्ठभाग ऑक्साइड होत आत आत जातो. तयार थराचा साधारण दोन तृतीयांश भाग मूळ धातूच्या जागेत असतो, एक तृतीयांश वर वाढलेला. हा ऑक्साइड म्हणजे अल्युमिना. आपल्या यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून बनते तीच पांढरी पूड. तो थर धातूतूनच उगवलेला असतो म्हणून त्याचे पापुद्रे निघत नाहीत. तुमच्या मागच्या रिमचे निघाले, तिथंच ती खोटी हे कळायला हवं होतं. तुम्हाला दोष देत नाही, ग्राहकाला हे कोण सांगतं?

या थराला मधमाशीच्या पोळ्यासारखी उभी, सूक्ष्म छिद्रं असतात. रंग त्या छिद्रांत शिरतो. मग रिम उकळत्या शुद्ध पाण्यात ठेवली की ऑक्साइड पाणी धरून फुगतं आणि छिद्रांची तोंडं मिटतात. याला सीलिंग म्हणतात. तुमच्या पुढच्या रिमचा रंग उन्हानं उडालाय, पण छिद्रांची तोंडं मिटलेलीच आहेत. म्हणून त्यावर नुसता नवा रंग ओतून काही होणार नाही, तो बाहेरच राहील. पुन्हा रंगवायचं तर सगळा थर काढून, नवा थर उगवून, मगच.

आणि थर काढणं म्हणजे धातू काढणं. पंधरा मायक्रॉनचा थर काढला तर दर पृष्ठभागामागे दहा मायक्रॉन धातू कायमचा गेला. एवढ्यानं रिम कमजोर होत नाही. नुकसान होतं ते कॉस्टिकमध्ये विसरून ठेवल्यानं.

चुन्याचंही तेच. आम्लधर्मी-अल्कधर्मी दोन्ही टोकांना हा थर टिकत नाही. ओला चुना, सिमेंट, कपडे धुण्याचा सोडा या सगळ्यांत तो विरघळतो. पांढरा पट्टा म्हणजे थर खाल्ला गेलाय, मळ बसलेला नाही. घासून जाणार नाही, घासू नका.

निपाणी_बुलेट
मास्तर, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पावडरचा सल्ला मागे घेतो.

वडगावचा_रंगारी
आमच्या घरात तीन पिढ्या साडीचं सूत रंगवतात. शहापूर-वडगावच्या मागांना सूत आम्हीच पुरवायचो, आता काम कमी झालंय. ॲल्युमिनियमवर कापडाचे काही रंग चढतात, हे मी स्वतः बघितलंय. चुलत्यानं ॲनोडाइझ केलेल्या पट्टीचा तुकडा आणला होता, सील न केलेला. लोकरीच्या ॲसिड रंगात पाच मिनिटं धरला आणि लालभडक निघाला.

पण टिकाऊपणाचं सांगतो. साडी सावलीत वाळवतात, कपाटात ठेवतात. रिम दिवसभर उन्हात. तो लाल तुकडा खिडकीत ठेवला होता, वर्षभरात वीटकरी झाला. तेव्हा आमच्याकडचा रंग देऊ का विचारलंत तर मी नाही म्हणेन. ॲल्युमिनियमसाठी सोनेरी छटेचा एक लोहाचा क्षार वापरतात, फेरिक अमोनियम ऑक्झॅलेट. तो खनिज रंग आहे, उन्हात उडत नाही. इमारतींच्या सोनेरी खिडक्या त्यातल्याच. खिडक्यांच्या सेक्शनवर, म्हणजे चौकटीच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांवर, काम करणाऱ्यांकडे मिळेल.

एक मात्र आमच्या धंद्यातलं: पाणी. आमच्या विहिरीच्या पाण्यात एकच रंग दोन दिवशी दोन तऱ्हेचा येतो. रंगाच्या आणि सीलच्या टाकीत विहिरीचं किंवा नळाचं पाणी घालू नका.

रसायनमास्तर
अगदी बरोबर. क्लोराइड आम्लाच्या टाकीत गेलं तर रिमला खड्डे पडतात, सिलिकेट-फॉस्फेट सीलच्या पाण्यात असेल तर छिद्रं नीट मिटत नाहीत. डिस्टिल्डच.

येझदी_७९
घरी करायचा विचार अजून डोक्यात आहे. वाचून असं समजलोय: बॅटरीचं नवं ॲसिड आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी, की वीस टक्क्यांच्या आसपास द्रावण होतं. प्लॅस्टिकचा टब, शिशाचे पत्रे ऋण टोकाला, गाडीच्या बॅटरीचा १० अँपिअरचा चार्जर. चुकतंय का काही?

फौंड्रीवाला
द्रावणाचं बरोबर आहे. वीज कमी पडेल. हिशेब करून बघा.

तुमच्या रिमचा घेर साधारण १४४ सेंटिमीटर. आडवा छेद उलगडला तर आतून-बाहेरून मिळून सतरा-अठरा सेंटिमीटर भरतो. म्हणजे पृष्ठभाग २५ चौरस डेसिमीटरच्या आसपास. चौरस डेसिमीटरला दीड अँपिअर धरला तर एका रिमला जवळपास ४० अँपिअर पाहिजेत, पंधरा-अठरा व्होल्टला, तेही अर्धा-पाऊण तास सलग. १० अँपिअरच्या चार्जरनं थर इतका हळू वाढेल की आम्ल वरून तो खातही राहील. शेवटी भुकटीसारखा मऊ थर हाती येईल.

दुसरं, ४० अँपिअर आणि पंधरा व्होल्ट म्हणजे ६०० वॅटचा हीटर टाकीत सोडल्यासारखं. आम्ल वीस-एकवीस डिग्रीवर राहायला पाहिजे. पंचवीसच्या वर गेलं की थर भुसभुशीत होतो. आपल्याकडं डिसेंबरात जमेल, एप्रिलमध्ये बर्फाच्या लाद्या घालत बसाल. कारखान्यात चिलर असतो तो याचसाठी.

तिसरं, हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, यात ओढू नका. येझदीचा हब ओतीव आहे. ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर असतो, आम्ही एल.एम. सहा नावाचा मिश्रधातू ओततो त्यात दहा ते तेरा टक्के. त्यावर ॲनोडायझिंग काळपट राखेसारखं येतं. शिवाय ब्रेकच्या ड्रमात ओतीव लोखंडाची कडी असते, ती आम्लात गेली की खलास. रिमला वेल्डिंग झालं असेल तर तेही सांगा. सिलिकॉनवाली सळई वापरून टाका मारला असेल तर तेवढा पट्टा रंगात काळा उठून दिसतो, झाकता येत नाही.

रसायनमास्तर
घरी करूच नका असं मी म्हणणार नाही, जिज्ञासेनं माणूस शिकतो. पण लहान तुकड्यावर करा, रिमवर नाही. आणि हे पाळा: आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. ऋण टोकाला हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर, ठिणगीपासून लांब. डोळ्यांवर गॉगल, हातात लांब रबरी मोजे, शेजारी खायच्या सोड्याचं पाणी भरलेली बादली. तुकडा टांगायला ॲल्युमिनियमचीच तार, तांब्याची किंवा लोखंडाची आम्लात विरघळते आणि सगळी वीज तिकडंच जाते. वापरलेलं आम्ल गटारात ओतू नका. आपली गटारं पुढं शेतांच्या नाल्यांना मिळतात, त्या पाण्यावर लोकांची भाजी पिकते.

येझदी_७९
पटलं. रिम घरी करत नाही. मागचं चाक आज उघडायला घेतो.

चाकवाला_मामा
थांबा! उघडण्याआधी फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. ब्रेकप्लेटच्या बाजूला कुठला स्पोक कुणाच्या वरून जातो, व्हॉल्व्हचं भोक कुठल्या दोन स्पोकांमध्ये येतं, हे लिहून ठेवा. हबच्या कडेवर पट्टी आडवी ठेवून रिमच्या काठापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. उघडल्यावर ही मापं परत मिळत नाहीत.

निपल गंजून बसली असतील. पक्कड लावून जोर केलात तर रिमचं भोक ओढलं जाईल. रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून दोन रात्री सोडत राहा. तरी नाही सुटलं तर स्पोक कापा. स्पोक नवे मिळतात, ही रिम मिळणार नाही.

आणि या रविवारी माझ्याकडे या. शर्यतीत वाकलेली एक सोनेरी जपानी रिम माळ्यावर पडलीय, भंगारात घालायला जीव होत नाही. तिचे तुकडे करून देतो, त्यावर काय प्रयोग करायचे ते करा.

येझदी_७९
मामा, येतोच.

तोवर एक गोष्ट सांगायची आहे. पुढचा टायर काढला. रबरी टेप उलगडली तर रिमच्या पोटात रंग जसाच्या तसा आहे. ना ऊन लागलंय, ना पाऊस. बाहेरून वाळलं गवत आणि आत पिकल्या आंब्याचा पिवळा, थोडा तांबूस. आप्पांनी रिम डब्यातून काढली असेल तेव्हा ती अशी होती. मी जन्मापासून गाडी बघतोय आणि हा रंग आज पहिल्यांदा बघितला. टेपच्या कडेनं दोन रंगांची रेघ इतकी सरळ आहे की कुणी पट्टी धरून ओढल्यासारखी. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "हाच रंग."

आता प्रश्न असा पडलाय की मागची रिम कुठल्या सोनेरी रंगात करू?

चिकोडी_एक्सप्रेस
दोन्ही रिमा सोलून नव्यानं आंब्याच्या रंगात करा की! एकाच टाकीत, एकाच वेळी दोन्ही घातल्या तरच रंग जुळतो. दोन वेगळ्या दिवशी केल्या तर थोडा फरक येणारच.

फौंड्रीवाला
रंग जुळवायचा तर एक्सप्रेस म्हणतात ते खरं आहे. थराची जाडी, रंगाच्या टाकीतला वेळ, तापमान, काहीही बदललं की छटा बदलते.

कॅम्पातली_जावा
मी वेगळं मत मांडते. बाबांची जावा बसवताना मी पेट्रोलच्या टाकीवरचा जुना रंग आणि सोनेरी पट्ट्या घासून नव्या केल्या. सुंदर झाली. पण बाबांच्या गुडघ्यानं टाकीवर जी जागा गुळगुळीत झाली होती, ती गेली. ती आता कुठूनच आणता येणार नाही.

तुमची पुढची रिम बहुतांश शाबूत आहे, मीटरनंच सांगितलं. वीतभर पट्टा खराब आहे म्हणून बाकीचा अख्खा मूळ थर कॉस्टिकमध्ये घालवायचा? मागची आधीच सोललेली आहे, तिला नवा थर हवाच. मग मागची पुढच्या फिक्या रंगाला जुळवून का करू नये? रंगाच्या टाकीतून लवकर काढायची, एवढंच ना?

रसायनमास्तर
शास्त्राच्या बाजूनंही ताईंचं म्हणणं बरोबर आहे. शाबूत, सील असलेला थर अजून चाळीस वर्षं काम करेल. चुन्यानं खाल्लेला पट्टा फक्त कोरडा ठेवायचा आणि वर्षातून दोनदा मेण लावायचं.

धुण्याबद्दल: भांड्याचा सौम्य साबण, कोमट पाणी, मऊ फडकं. चेनचं तेल उडालेलं रॉकेलनं निघतं. लोखंडी काथ्या, रबिंग कंपाउंड, शौचालय धुण्याचं ॲसिड, धुण्याचा सोडा, यातलं काहीही नको. चिंचही नको. पितळेच्या समईला चालते, इथं नाही.

चिकोडी_एक्सप्रेस
पण मिरवणुकीत एक चाक डागाळलेलं दिसणार. मला तरी ते खटकेल.

येझदी_७९
एक्सप्रेस, मलाही आठ दिवस तेच खटकत होतं. पण टेपखालचा रंग बघितल्यापासून पुढची सोलायला हात धजत नाही. पुढची तशीच राहणार. मागची फिक्या रंगात करायची. ठरलं.

येझदी_७९
बऱ्याच दिवसांनी लिहितोय, काम झालं.

खिडक्यांचे सेक्शन ॲनोडाइझ करणारे एक गृहस्थ तयार झाले. आधी नाहीच म्हणत होते, एका रिमसाठी टाकी कोण अडवणार. मामांच्या रिमचे तुकडे दाखवले आणि आधी यावर करून बघू म्हटलं, तेव्हा त्यांनाही रस वाटला.

त्यांनी पहिला सोनेरी तुकडा कॉस्टिकमध्ये धरला आणि मला जवळ बोलावलं. सुरुवातीला काही होत नाही. तुकडा पिवळ्याचा फिका होत जातो, पाणी शांत. मग एका कडेला बारीक फेस, आणि बघता बघता सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा सगळ्या अंगाला फेस येतो. ते म्हणाले, फेस आला म्हणजे थर संपला, आता उघडा धातू खातोय, याच घटकेला बाहेर काढायचं. तुकडा काढला तर काळा ठिक्कर! माझ्या पोटात गोळा आला. नायट्रिक आम्लाच्या टाकीत बुडवला आणि काजळी क्षणात गेली, खाली चांदीसारखा धातू. माझी रिम त्या दुकानात याच फेसात कोण जाणे किती वेळ पडली असेल.

त्या जास्तीच्या कॉस्टिकनं रिमचा पृष्ठभाग खरबरीत झाला होता. चारशेच्या ओल्या पॉलिश पेपरपासून हजारपर्यंत हातानं घासली, तीन संध्याकाळी गेल्या. बफ (कापडी चाकाचं पॉलिश) शेवटी, अगदी हलका. डी.आय.डी.चा शिक्का आणि मापाचे आकडे आहेत तिथं कागद किंवा बफ काहीच लावलं नाही. ते अक्षर आधीच उथळ झालंय, अजून दोन फेऱ्यांत पुसलं गेलं असतं.

टांगताना त्यांनी ॲल्युमिनियमचा हुक रिमच्या पोटाच्या बाजूनं अडकवला, कारण हुक टेकतो तिथं थर येत नाही आणि उघडा ठिपका राहतो. तो आता टेपखाली झाकला जातो. आम्लात अर्धा तास. फौंड्रीवाल्या भाऊंचा ४० चा हिशेब मी सांगितला तर त्यांनी मीटर दाखवलं, काटा ३८ वर होता!

थर पंधरा मायक्रॉनच्या आत-बाहेर. रंगाच्या टाकीत आधी तुकडे घातले, पंधरा सेकंद, तीस, साठ, दोन मिनिटं. चारही पुढच्या रिमशेजारी धरले, सावलीत आणि उन्हात. ट्यूबलाइटखाली तीस सेकंदांचा जुळत होता, उन्हात तोच फिका पडला. साठ सेकंदांच्या जवळपास जमलं. रिम पन्नास सेकंदांनी बाहेर काढून धुतली, धरून बघितली, परत दहा सेकंद. एकदा सील झालं की काही करता येत नाही, म्हणून जीव मुठीत होता. मग उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात चाळीस मिनिटं.

वडगावचा_रंगारी
उन्हात धरून बघितलंत हे लई चांगलं केलंत. आम्ही सूतही दाराबाहेर नेऊनच जुळवतो.

निपाणी_बुलेट
सील करायला घरी लग्नाच्या स्वयंपाकाचं मोठं पातेलं चालेल का? माझ्याकडे साठ सेंटिमीटरचं स्टीलचं आहे, रिम मावेल.

रसायनमास्तर
मावेल, आणि नुसतं उकळतं पाणी असेल तर कामही होईल, मायक्रॉनला दोन ते तीन मिनिटांच्या हिशेबानं. पण त्या पातेल्यात पुन्हा स्वयंपाक नको. रंगाचा अंश उतरतो, आणि काही जण पाण्यात निकेल ॲसिटेट घालतात, ते विषारी आहे. पातेल्यावर रंगानं खूण करून ते वेगळंच ठेवा.

चाकवाला_मामा
चाक मी बांधलं, म्हणून मीच सांगतो. नवे स्पोक, नवी निपलं. प्रत्येक निपलाच्या बुडाला आणि आट्यांना ग्रीस लावलं. ॲल्युमिनियम, पितळ आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम आधी झिजतं, ते पुढच्या रिमचे खड्डे त्यातूनच झालेत. ग्रीसनं पाणी शिरत नाही आणि आवळताना निपल नवा थर खरवडत नाही. आऊट, म्हणजे फिरताना रिम डुलते तो फरक, एक मिलिमीटरच्या आत काढलाय, उंचीचा आणि बाजूचा दोन्ही. निपलाची चावी घट्ट बसणारीच वापरली. जुनी रिम हळू आवळावी लागते, आधी सगळे स्पोक बोटानं, मग अर्धा-अर्धा फेरा, समोरासमोरचे.

दोनशे किलोमीटर झाले की आणा, स्पोक वाजवून बघू.

चिकोडी_एक्सप्रेस
रविवारी तुमची गाडी बघितली. मी आधी मागचं चाक जुनं आणि पुढचं नवं समजलो होतो. डाग दाखवल्याशिवाय दिसला नाही. आणि दिसल्यावर त्यामागची गोष्ट ऐकायला माणसं थांबत होती.

येझदी_७९
एक्सप्रेस, भेटून आनंद झाला. कडक उन्हात मागची किंचित हिरवट मारते, ती मला दिसते. राहू दे.

मामा, दोनशे किलोमीटर झाले. खानापूरला जाऊन आलो, ज्या खोपीत गाडी होती तिथं उभी करून मामांना दाखवली. चार स्पोक किंचित सैल वाटतात, शनिवारी येतो. पुढच्या चाकालाही नवी टेप घातली. घालण्याआधी आईनं आतला रंग आणखी एकदा बघितला, मग मी टायर चढवला.